सायडरसाठी जवळच्या बागेतली सफरचंदे का घ्यावीत?

बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी सुपरमार्केटमधून गाला जातीची सफरचंदे आणली, घरी त्यांचा रस काढला आणि सायडर आंबवली. ती नितळ झाली, बिघडली नाही, मद्यार्कही पुरेसा आला. पण चवीला पाणचट निघाली. हेरफर्डशायरच्या बागा त्यांच्या घरापासून गाडीने तास-दीड तासावर आहेत. तिथून पोती भरून फळे आणली तर खरोखरच फरक पडेल का, की बाटलीवर छापलेला ‘स्थानिक सफरचंदांपासून’ हा मजकूर केवळ जाहिरातीचा भाग आहे, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे. याच भागात सायडर बनवण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे माझे मत अगदीच तटस्थ आहे असे म्हणता येणार नाही, तरी कारणे देऊन उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

फरक पडतो, आणि तो बराच मोठा असतो. मात्र त्यासाठी सहसा जे कारण सांगितले जाते, म्हणजे ताजेपणा, ते मला फारसे पटत नाही. उशिरा पिकणारी सफरचंदे झाडाखालून गोळा केल्यानंतरही काही आठवडे उत्तम राहतात, आणि आम्ही ती गिरणीत घालण्यापूर्वी मुद्दाम ढीग करून मुरू देतो. शिवाय आपण हेरफर्डशायरमध्ये येऊन एखाद्या शेतकऱ्याच्या झाडावरून तोडलेली गाला घेऊन गेलात, तरी तिची सायडर गेल्या वर्षीपेक्षा थोडी सुवासिक होईल इतकेच. तिचा पाणचटपणा जाणार नाही. जवळच्या बागेचे महत्त्व अंतरात नसून तिथे उभ्या असलेल्या झाडांच्या जातींत आणि ती झाडे वाढवण्याच्या पद्धतीत आहे.

आधी पाणचटपणाचे कारण पाहू. सफरचंदाच्या रसातली साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. रस प्यायला मधुर लागतो तो साखरेमुळे, आणि ती गेल्यावर पेल्यात उरतात मद्यार्क, आम्ल, टॅनिन आणि सुगंधी द्रव्ये. टॅनिन म्हणजे जिभेला आणि हिरड्यांना ओढ लावणारा, तुरट-कडवट चव देणारा घटक. सायडरला भारदस्तपणा येतो तो त्यामुळे. घोट गिळल्यावरही चव काही क्षण तोंडात रेंगाळते तीही त्याच्यामुळेच, आणि रसाला हवा लागल्यावर येणारा तांबूस-सोनेरी रंगही त्याचाच. खाण्याची सफरचंदे मात्र माणसाने पिढ्यान्‌पिढ्या नेमकी तुरटपणा टाळूनच निवडलेली आहेत. गालामध्ये टॅनिन नाममात्र आणि आम्लताही कमीच असते, त्यामुळे साखर गेल्यावर तिच्यात धरून ठेवण्यासारखे काही उरत नाही. हापूस कितीही उत्तम असला तरी वर्षभराच्या लोणच्यासाठी आपण तो घेत नाही, आंबट आणि घट्ट गराची कैरी शोधतो. तसाच हा प्रकार आहे.

ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन येथे 1903 साली सायडर आणि फळांवरील संशोधनासाठी एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली. ती पुढे शंभर वर्षे, म्हणजे 2003 पर्यंत चालली. तिथले बी. टी. पी. बार्कर यांनी सायडरच्या सफरचंदांची जी चार गटांत विभागणी केली, तीच आम्ही आजही वापरतो. रसातले आम्ल 0.45 टक्क्यांहून जास्त आणि टॅनिन 0.2 टक्क्यांहून कमी असेल तर ते फळ ‘शार्प’. दोन्ही जास्त असतील तर ‘बिटरशार्प’. आम्ल कमी पण टॅनिन जास्त असेल तर ‘बिटरस्वीट’. आणि दोन्ही कमी असतील तर ‘स्वीट’. आकडे लहान वाटतात, पण जिभेला त्यांतला फरक ताबडतोब कळतो. डॅबिनेटसारखे बिटरस्वीट फळ चावून पाहिले तर आधी चांगला गोडवा लागतो आणि मग तोंडाला कोरड पडते. बागेत आलेली मुले ते हौसेने तोंडात घालतात आणि लगेच थुंकून टाकतात, तेव्हा फळ आमच्या कामाचे आहे असे समजावे.

आता ही तुरट फळे दुकानात का मिळत नाहीत, याचे उत्तर सफरचंदाच्या स्वभावातच आहे. सफरचंदाचे बी पेरले तर आईसारखे झाड येत नाही; प्रत्येक बी म्हणजे नवी जात. म्हणून कोणतीही जात टिकवायची तर कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या तिच्या काड्या घेऊन खुंटावर कलम करत राहावे लागते, आणि जे फळ खाता येत नाही त्यासाठी ही मेहनत तोच घेतो ज्याच्या शेजारी रस काढण्याची गिरणी आहे. डॅबिनेट हे सॉमरसेटमधल्या मिडल लॅम्ब्रुक गावी कुंपणात आपोआप उगवलेले रोप होते. यार्लिंग्टन मिल ही जात त्याच परगण्यात एका पाणचक्कीच्या भिंतीतून उगवली असे सांगतात. किंग्स्टन ब्लॅक हे नाव टाँटनजवळच्या किंग्स्टन सेंट मेरी गावावरून आले असे मानतात. हेरफर्डशायर-ग्लॉस्टरशायर पट्ट्यातले फॉक्सव्हेल्प सतराव्या शतकापासून लोकांना माहीत आहे. त्याची आम्लता इतकी तीव्र असते की पहिल्या घोटाला डोळे मिटतात. त्याच शतकात होम लेसीचे लॉर्ड स्कडमोर यांनी रेडस्ट्रीक या जातीला नावारूपाला आणले आणि तिची सायडर लंडनच्या श्रीमंतांच्या मेजावर वाइनच्या बरोबरीने बसू लागली. ही सगळी झाडे आपापल्या गावच्या योगायोगातून जन्मली आणि तिथल्या सायडरवाल्यांनी ती जिवंत ठेवली.

जातीच्या काड्या प्रवास करतात, हे मान्य केले पाहिजे. हेरफर्डशायरच्या बागांत मोठ्या प्रमाणावर लावलेली मिशेलिन ही जात मूळची नॉर्मंडीची आहे, आणि डॅबिनेटची कलमे अमेरिकेतही लागली आहेत. पण फळ स्वतः प्रवास करत नाही. सायडरचे सफरचंद हातांनी एकेक तोडण्याइतके मोलाचे नसते. ते पिकून आपोआप गळते किंवा यंत्राने झाड हलवून पाडले जाते, आणि मग गवतातून झाडून गोळा केले जाते. त्याला मार लागलेला असतो, त्याची टनामागची किंमत थोडी असते, त्यामुळे लांबचे वाहतूकभाडे त्याला परवडत नाही. फॉक्सव्हेल्पसारखी लवकर पिकणारी फळे तर थोड्याच दिवसांत मऊ पडतात. म्हणून बाग आणि गिरणी जवळजवळ असणे ही आमच्याकडे भावनेपेक्षा सोयीची गोष्ट आहे. दूरवरून येतो तो आटवलेला रस. चीन आणि पोलंड हे त्याचे मोठे निर्यातदार आहेत. तो आटवताना सुगंध उडून जातो, आणि तो मुख्यतः खाण्याच्या सफरचंदांचा असल्यामुळे टॅनिनची उणीव कायमच राहते. ब्रिटनमध्ये सायडर म्हणून विकायच्या पेयात किमान 35 टक्के सफरचंदाचा रस असला की कायद्याचे समाधान होते, आणि तो रस आटवलेला असला तरी चालतो. स्वस्त डब्यांतल्या सायडरची चव सर्वत्र एकसारखी का लागते, याचे उत्तर यातच आहे.

‘स्थानिक’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळी सायडर घडवतो, हे पाहायला इंग्लंडबाहेर जाण्याचीही गरज नाही. देशाच्या पूर्वेकडे, म्हणजे केंट, सफक, नॉरफक या परगण्यांत, खाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या सफरचंदांच्या बागा होत्या, म्हणून तिथली सायडर कॉक्स आणि ब्रॅम्लीची, हलकी, आंबटसर, पांढऱ्या वाइनच्या जवळ जाणारी असते. तिच्यात वाईट काही नाही. ती तिथल्या बागांना धरून आहे. फ्रँकफर्टकडे सफरचंदांची आम्लता भरपूर पण टॅनिन कमी, म्हणून तिथले लोक श्पायरलिंग नावाच्या एका दुर्मीळ झाडाच्या अतितुरट फळांचा रस थोडा मिसळतात. उणीव भरून काढण्याचा उपायसुद्धा आपल्याच शिवारातून शोधण्याची ही रीत मला फार आवडते. स्पेनमधल्या अस्तुरियासमध्ये आंबट जातींचे प्राबल्य आहे, आणि तिथे सायडर डोक्यापेक्षा उंच धरलेल्या बाटलीतून पेल्यात धार सोडून ओततात, म्हणजे तिच्यात हवा मिसळते आणि ती क्षणभर फेसाळते. या तिन्ही ठिकाणच्या पद्धती फळांनी ठरवल्या आहेत.

उलट उदाहरण अमेरिकेचे आहे. न्यू जर्सीतील नेवार्क परिसरात हॅरिसन नावाची सायडरची एक फार नावाजलेली जात होती. सायडरचा धंदा आटला, 1920 मध्ये देशव्यापी दारूबंदी आली, आणि जिचा उपयोगच उरला नाही अशी ही जात नाहीशी झाली असेच सगळे धरून चालले होते. 1976 मध्ये तिचे एक झाड एका जुन्या सायडर गिरणीपाशी सापडले आणि त्यावरून पुन्हा कलमे झाली. न्यूयॉर्क राज्याने 2013 मध्ये ‘फार्म सायडरी’ परवान्याचा कायदा केला, ज्यात फक्त राज्यात पिकलेली सफरचंदेच वापरण्याची अट आहे. अट चांगली आहे. तिने शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले. परंतु त्या राज्यातल्या बहुतेक बागा खाण्याच्या सफरचंदांच्या असल्यामुळे ‘शंभर टक्के स्थानिक’ असूनही पातळ लागणारी सायडर तिथे बनू शकते आणि बनते. ज्यांना हे समजले त्यांनी तुरट जातींची लागवड सुरू केली किंवा गोल्डन रसेट, नॉर्दर्न स्पाय अशा जुन्या, चवदार जातींकडे ते वळले.

जातीनंतर येते झाडाची वाढवण्याची पद्धत, आणि माझ्या मते या बाबीकडे घरी सायडर करणारे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. खाण्याच्या सफरचंदांच्या बागेत फळ मोठे आणि देखणे यावे म्हणून झाडाला नत्र भरपूर दिले जाते. ते नत्र रसात उतरते आणि यीस्टचे खाद्य होते. मग किण्वन जोरात चालते, उबदार स्वयंपाकघरात दोन आठवड्यांत संपतेही, आणि त्या उकळीबरोबर नाजूक सुगंध वायूसोबत निघून जातो. जुन्या उंच झाडांच्या बागेत मात्र खाली गवताचे कुरण असते, मेंढ्या चरतात, वरखत क्वचितच पडते आणि जमिनीतल्या नत्रावर गवताचाही वाटा असतो. अशा फळाच्या रसात यीस्टला पोट भरण्यापुरतेच मिळते. थंड कोठारात त्याचे किण्वन ऑक्टोबरला सुरू होऊन वसंतापर्यंत रेंगाळते, आणि कधीकधी सगळी साखर संपण्याआधीच थांबते, त्यामुळे कसलीही साखर न घालता सायडरला सौम्य गोडवा राहतो. उपाशी यीस्ट कधी कधी कुजक्या अंड्यासारखा वास सोडते हा याचा तोटा आहे. तो वास बहुधा एक-दोनदा पिंप बदलल्यावर जातो.

नॉर्मंडी आणि ब्रिटनीतल्या कारागिरांनी या गरिबीचाच उपयोग करून एक तंत्र उभारले आहे, ज्याला इंग्लंडमध्ये ‘कीव्हिंग’ म्हणतात. पूर्ण पिकलेली, पेक्टिनने (म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या फळातल्या घटकाने) भरलेली सफरचंदे दळून लगदा काही तास तसाच ठेवतात आणि मग रस काढतात. थंडीत त्या रसातले पेक्टिन कॅल्शियमशी बांधले जाऊन जेलीसारखे घट्ट होते, आणि किण्वनाचे पहिले बुडबुडे ती जेली वर उचलतात, म्हणजे पिंपाच्या तोंडाशी तपकिरी टोपी तयार होते. तिच्यात यीस्टचे आणि नत्राचे बरेच प्रमाण अडकून राहते. मधला स्वच्छ रस हलक्या हाताने दुसऱ्या पिंपात काढला की तो महिनोन्‌महिने संथ आंबत राहतो. भरपूर खत घातलेल्या बागेच्या फळावर हा प्रयोग केला तर यीस्ट इतके लवकर जोर धरते की टोपी बनण्याआधीच सगळे फेसाळून वर येते. पेई दोज आणि कोर्नुआय या तिथल्या दोन्ही प्रदेशांच्या सायडरला 1996 पासून फ्रान्सचे मूळस्थानदर्शक नामांकन आहे, आणि त्यात ठरावीक जातींसह फळ कोणत्या प्रदेशातले हवे हेही ठरवलेले आहे.

पिकलेपणाबद्दल थोडक्यात सांगतो. दुकानात महिनोन्‌महिने टिकवायचे सफरचंद पूर्ण पिकण्याआधी तोडतात आणि प्राणवायू कमी केलेल्या शीतगृहात ठेवतात. त्यातला स्टार्च यथावकाश साखरेत बदलतो, त्यामुळे गोडी कमी पडत नाही. कमी पडतो तो सुगंध, कारण तो निर्माण करणारी क्रिया या साठवणीत मंदावते. आमचे फळ झाडावर पिकून गळते. शंका असेल तर फळ आडवे कापून त्यावर आयोडीनचे थेंब टाकावेत: काप काळा-निळा पडला तर स्टार्च शिल्लक आहे, म्हणजे आणखी थांबावे.

एका समजुतीशी मात्र मी सहमत नाही. स्थानिक सफरचंदाच्या सालीवर त्या गावचे खास यीस्ट असते आणि तेच चव घडवते, असे अनेक बाटल्यांवर मोठ्या कौतुकाने लिहिलेले असते. सालीवर असतात ती बहुतांशी दुर्बळ यीस्ट. ती सुरुवात करून देतात, थोडा फळांचा सुवास देतात आणि मद्यार्क दोन-चार टक्क्यांवर गेला की मागे पडतात. नंतरचे मुख्य काम करणारे सॅकरोमायसिस फळावर फार थोडे आढळते, ते मुख्यतः गिरणी, दाबयंत्राची फडकी आणि पिंपे यांवर वस्ती करून असते. त्यामुळे ‘गावचे यीस्ट’ खरे असले तरी ते बागेपेक्षा कोठाराचे अधिक असते. आपण घरी पाकिटातले यीस्ट वापरले तर त्यात कमीपणा मानू नये.

जवळच्या बागेचा आणखी एक फायदा अनुभवानेच कळतो. कोकणातल्या आंबेवाल्यांना ‘आड वर्ष’ चांगले ठाऊक असते; सायडरच्या सफरचंदांतही एक वर्ष लदबदून फळ आणि पुढच्या वर्षी जेमतेम, असा क्रम अनेक जातींत चालतो. मे महिन्यातल्या एका रात्रीच्या दंवाने मोहोर जळतो, कोरड्या उन्हाळ्यात फळ लहान आणि रस दाट होतो. बाग डोळ्यांसमोर असली तर ऑगस्टमध्येच कळते की यंदा आंबट फळ कमी येणार, आणि मिश्रण कशाचे करायचे याचा विचार वेळेवर सुरू करता येतो. शहरातल्या बाजारात सगळी वर्षे सारखीच दिसतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक टीप. आपल्याकडे येणारे सफरचंद हिमाचल किंवा काश्मीरचे, आणि त्यातले बरेचसे डेलिशस कुळातले असते. आम्ल आणि टॅनिन दोन्ही कमी. पुण्यात ‘स्थानिक सफरचंद’ ही कल्पनाच लागू होत नाही. हिमाचलातच कुणी विचार करत असेल तर तिथे खुंट म्हणून वापरले जाणारे रानटी बॅकाटा सफरचंद, ज्याची फळे बोराएवढी, आंबट आणि तुरट असतात, ते मिश्रणात आजमावून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती सायडर बनवायला अशी आडकाठी नाही.

आता आपण नेमके काय करावे ते सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये हेरफर्डशायरला या, कारण डॅबिनेट तेव्हा पिकते. बागवाल्याला भावाच्या आधी तीन गोष्टी विचारा: जात कोणती, यंदा खत दिले होते का, आणि झाडाखाली जनावरे चरत असतील तर ती केव्हा बाहेर काढली. जमिनीवरून गोळा केलेले फळ घ्यायचे तर जनावरे किमान आठ आठवडे आधी हलवलेली असावीत. 20 किलो फळांतून घरगुती साधनांनी 10 ते 12 लिटर रस निघतो असे धरा. डाग आणि ओरखडे चालतात, कुजलेले फळ चालत नाही. रसाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता, जिच्यावरून साखरेचा अंदाज येतो) 1.050 च्या आसपास भरले तर शेवटी सुमारे साडेसहा टक्के मद्यार्क मिळेल.

केवळ बिटरस्वीट फळे घेऊन थांबू नका. त्यांच्या रसाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका मोठा तितकी आम्लता कमी) पुष्कळदा 3.8 च्या वर जातो आणि तिथे बिघाड करणाऱ्या जिवाणूंना मोकळे रान मिळते. दोन तृतीयांश डॅबिनेट किंवा यार्लिंग्टन मिल आणि उरलेला भाग आंबट फळाचा, अशी सुरुवात करा, आणि पीएच 3.8 च्या खाली येईपर्यंत आंबट रस वाढवा. सल्फाइट, म्हणजे नको असलेले जिवाणू आवरणारे रसायन, वापरणार असाल तर पीएच 3.3 ते 3.5 असताना दशलक्ष भागांत 100 भाग आणि 3.5 ते 3.8 असताना 150 भाग पुरतात. किंग्स्टन ब्लॅक मिळाले तर ते एकटेच आंबवून पाहा. आम्ल आणि टॅनिन यांचा मेळ त्याच्यात जात्याच असतो, फक्त झाड कमी फळणारे असल्यामुळे बागवाले ते सहजी देत नाहीत. आंबट भागासाठी फॉक्सव्हेल्प शोधत बसण्याची मात्र गरज नाही. तिथे आपल्याला केवळ आम्ल हवे आहे, आणि ते आपल्या घराजवळच्या दुकानातल्या ब्रॅम्लीतूनही तितकेच चांगले मिळते.